छत्रीखाली आधी साहेब

दारावरचा लाल दिवा लागलेला असताना आत जायचं नाही, हे त्या छत्रीच्या कारखान्यातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. पण त्या सकाळी एक उंच तरुण सरळ दार ढकलून आत शिरला… आणि डोक्यापासून पायापर्यंत निथळायला लागला!

ती चाचणीची खोली होती. छताला नळ्यांची जाळी, भिंतीवर एक लोखंडी चाक. चाक फिरवलं की वरून धो धो पाऊस! प्रत्येक नव्या छत्रीने बाजारात जाण्याआधी इथे भिजायचं. चाकापाशी उभी असायची एक मुलगी. तिला सगळे थेंबी म्हणायचे, कारण छत्रीतून एक थेंब गळला तरी तिच्या नजरेतून सुटायचा नाही.

"अहो! लाल दिवा दिसला नाही का?" ती कडाडली.

"दिसला ना. मला वाटलं, शोभेसाठी असेल."

"मग झाली ना शोभा!"

तो हसला. केसांतून पाणी ओघळतंय, नवाकोरा शर्ट अंगाला चिकटलाय, आणि हा माणूस चक्क हसतोय! थेंबीला रागावायचं होतं, पण हसूच फुटलं. तिने घाईघाईने चाक फिरवून पाऊस बंद केला.

"पण आपण कोण?"

"नवा मॅनेजर. आजपासून."

झालं! आधीच्या साहेबांनी तिला तिथल्या तिथे घरी पाठवलं असतं. हे साहेब मात्र मान वर करून स्टँडवरची छत्री बघत होते.

"टोकापाशी गळतेय ही."

"माहीत आहे."

"मग नापास करणार ना?"

कुठून धीर आला कोण जाणे, पण ती बोलून गेली. "नापास केली, की शिवणारीला सगळ्यांसमोर उभं करून झापतात. म्हणून ती चूक लपवते, आणि मी बघून न बघितल्यासारखं करते. मला रोज इथे यायची लाज वाटते, साहेब. काढून टाकायचं तर टाका."

त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून थेंब टपकत होते.

"कोणी काढत नाहीये तुम्हाला," तो हळूच म्हणाला. "पण… एक टॉवेल मिळेल का?"

दुसऱ्या दिवशी तो परत आला. सोबत शिलाईतल्या सगळ्यात जुन्या मावशी, हातात त्यांनी शिवलेली छत्री. मावशींचा चेहरा असा उतरलेला, की बघवेना.

"मावशी, या छत्रीखाली मी उभा राहतो," तो म्हणाला. "गळली तर मी भिजेन. तुम्हाला कोणी एक शब्द बोलणार नाही. थेंबी, फिरवा चाक."

पाऊस कोसळला. टोकातून पाणी झिरपलं आणि बरोबर साहेबांच्या कपाळावर टपकलं. मावशींनी डोळे गच्च मिटून घेतले.

"मावशी, ही गळू नये म्हणून तुम्हाला काय हवं?"

मावशींनी एक डोळा उघडला. मग दुसरा. "उजेड!" त्या एकदम म्हणाल्या. "माझं मशीन खांबाआड आहे हो. टोकाचा टाका मला दिसतच नाही. सगळा अंदाजपंचे कारभार!"

"हे आधी कोणाला सांगितलं नाहीत?"

"विचारलं कोणी?"

दुपारच्या आत मावशींचं मशीन खिडकीपाशी आलं. एका बाजूने साहेबांनी स्वतः उचललं, बाह्या वर करून. थेंबी दारातून बघत राहिली. इतकं काय बघतेय मी, म्हणून स्वतःवरच चिडली आणि तरी बघतच राहिली.

मग तो रिवाजच पडला. रोज सकाळी एक छत्री, ती करणारा कारागीर आणि छत्रीखाली आधी साहेब. भिजले तर एकच प्रश्न, "काय हवं?" कोरडे राहिले, तर नेमकं काय छान जमलंय ते तोंडभरून सांगायचे, सगळ्यांना ऐकू जाईल असं. कापणारे बोलले, काड्या बसवणारे बोलले. इतकी वर्षं ज्यांच्या तोंडाला कुलूप होतं, त्यांना आता आवरणं कठीण झालं! "साहेब, आज माझी पाळी. टाका कच्चा आहे, टॉवेल घेऊन या!" असं लोक आपणहून सांगायला लागले. आणि गंमत बघा, छत्र्या गळायच्या थांबल्या.

साहेब मात्र तरीही भिजायचे. कारण चाक थेंबीच्या हातात होतं ना!

"आज पाऊस जरा जास्तच होता," तो चेहरा पुसत म्हणायचा.

"वादळात छत्री टिकायला नको?"

"आणि तिरकाही होता."

"वारा सुटला असेल."

"बंद खोलीत?"

"मग… तक्रार आहे का तुमची?"

"छे, छे! उद्याही सुटू दे वारा."

पाण्याच्या पडद्याआडून तो तिच्याकडे बघायचा, आणि ती चाक बंद करायचंच विसरायची. सकाळ कधी होते, असं व्हायचं तिला! कामाला जायची अशी ओढ तिला जन्मात लागली नव्हती. ती कामाची किती आणि त्याची किती, हे तिचं तिलाच कळेना.

एका संध्याकाळी कारखान्याच्या पायऱ्यांवर तो थांबला. "थेंबी, मला तुम्हाला काही—"

"नाही! बोलू नका."

"का?"

"कारण मला ते ऐकायचंय, म्हणून!" ती एक पायरी खाली उतरली. "पण तुम्ही माझे साहेब आहात. उद्या तुम्ही माझ्या कामाला चांगलं म्हणालात, तर लोक काय समजतील? मी कोणाची छत्री चुकीची नापास केली, तर ती कोणाकडे दाद मागेल? आत्ता कुठे ही माणसं मोकळेपणाने बोलायला लागलीत हो. माझ्यामुळे ती पुन्हा गप्प झाली तर… मला नाही सहन होणार. पलीकडच्या रेनकोटच्या कारखान्यात जागा आहे. मी तिकडे जाते. मग बोला काय ते."

हसायचा प्रयत्न केला तिने, पण डोळे भरून आले. ज्या खोलीत यायची पूर्वी लाज वाटायची, तीच सोडताना आता जीव तुटत होता.

"उद्यापर्यंत थांबा," तो म्हणाला. "प्लीज."

रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी जायला उशीर झाला. आत पाऊल टाकते तर काय, सगळा कारखाना गालातल्या गालात हसतोय!

"आमची काही हरकत नाही गं बाई!" मावशी म्हणाल्या.

"कशाला?"

"अगं, साहेबांनी सकाळीच सगळ्यांना गोळा केलं. म्हणाले, माझा थेंबीवर जीव जडलाय, आणि ती तुमच्यापायी नोकरी सोडायला निघालीय. काय करू, तुम्हीच सांगा! मग आम्ही ठरवलं. तुझी खोली यापुढे थेट मालकीणबाईंच्या हाताखाली. तुझ्या कामात साहेबांनी अजिबात नाक खुपसायचं नाही. मालकीणबाईंनीही होकार दिला!"

थेंबीचा चेहरा लालबुंद झाला. ती तरातरा साहेबांच्या केबिनकडे निघाली. तिच्यामागे एकेक मशीन बंद होत गेलं.

"मावशींना विचारलंत!" दार उघडताच ती म्हणाली. "कापणाऱ्यांना विचारलंत. मालकीणबाईंना विचारलंत. अख्ख्या कारखान्याला विचारलंत! आणि मला?"

तो उभा राहिला. "तुम्हाला… मी…" त्याची पार ततपप झाली. "अरे देवा! तुम्हाला विचारायचंच राहिलं."

"अहो, सुरुवात कुठून करायची असते?"

"चुकलो. साफ चुकलो. सगळ्यांना विचारायची इतकी सवय झालीय, की…" तो टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर आला. "आता विचारू?"

"थांबा. आधी सांगा, मी नाही म्हटलं तर?"

तो क्षणभरही अडखळला नाही. "तरी तुमची खोली मालकीणबाईंकडेच राहील. कोणाच्या मर्जीवर तुमचं काम अवलंबून असू नये, माझ्या तर नाहीच. तुम्ही उत्तर काहीही द्या, उद्या सकाळी मी छत्रीखाली उभा असेन."

थेंबीचा राग कुठल्या कुठे पळाला. हा माणूस खरंच तिला 'नाही' म्हणायची मोकळीक देत होता! म्हणूनच तर… म्हणूनच तर तिला 'हो' म्हणावंसं वाटत होतं, अगदी ओरडून.

"विचार आता," ती म्हणाली.

"विचार?" तो बघतच राहिला. मग हसला. "थेंबी… माझ्याशी लग्न करशील?"

दाराच्या फटीतून मावशींची कुजबुज आली, "काय म्हणाली गं? काय म्हणाली?"

थेंबीने त्याचा हात हातात घेतला, दार सताड उघडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली,

"हो म्हटलंय! चालू करा मशीन!"