सातव्या दगडाचा पत्ता

"बंड्या, मागे सर! विळा चालतोय, दिसत नाही का?"

"ताई, मला कधी देणार विळा?"

"दहावी पास झाल्यावर!"

"तोवर हे गवतच दहावी पास होईल!" चष्मिस म्हणाली आणि तण भरलेलं घमेलं उचलून चालू लागली.

सुट्टीचा पहिलाच सोमवार होता, आणि ताई, तिचा धाकटा भाऊ बंड्या आणि शेजारची चष्मिस अशी तिघं सकाळपासून पाच नंबरच्या प्लॉटमध्ये घाम गाळत होती. वसाहतीमागच्या मोकळ्या जागेत भाजी लावायला बारा प्लॉट पाडलेले होते. अकरा अगदी नीटनेटके. पाचवा मात्र बंड्याच्या डोक्याइतकं उंच जंगल!

तो प्लॉट पोस्टमनआजोबांचा. दोन महिन्यांपूर्वी जिन्यात पडून त्यांचा पाय मोडला आणि तेव्हापासून ते खाटेवर होते. त्यात वसाहतीच्या सेक्रेटरीकाकांनी नोटीस लावलेली: 'प्लॉट नंबर पाच अस्वच्छ आहे. नळ उघडा टाकल्याने टाकीतले पाणी वाया जाते. शनिवारी पाहणी करून प्लॉट दुसऱ्यास देण्यात येईल.' पाहणी व्हायची होती, पण निकाल आधीच लागला होता!

"पण नळ तर घट्ट बंद आहे," गवतातून नळ शोधून काढत चष्मिस म्हणाली. "गंजलाय सुद्धा. मग पाणी जातं कुठे?"

"आधी गवत!" ताई म्हणाली. ताईचं सगळं यादीप्रमाणे चालायचं.

या तिघांना सायकल शिकवली होती आजोबांनी. सीट मागून धरून ते धावायचे, आणि कधी सोडून द्यायचे ते कळायचंसुद्धा नाही. मटार निघाला की शेंगांची पिशवी दाराच्या कडीला अडकवून गुपचूप निघून जायचे. तिघांनी शेंगा मनसोक्त खाल्ल्या होत्या, पण 'थँक यू' म्हणायचं राहूनच गेलं होतं. आता नुसतं तोंडाने म्हणून भागणार नव्हतं.

बुधवारी दुपारपर्यंत जंगल साफ झालं. हाताला फोड आले, बंड्याची चप्पल चिखलात रुतून तुटली, पण माती दिसायला लागली. तिघं धावतच आजोबांच्या खोलीत गेली.

"सगळं गवत काढलं!" ताईने सांगितलं.

"शाबास रे माझ्या वाघांनो!" आजोबांचे डोळे भरून आले. "आणि माझे दगड? ते आहेत ना जागच्या जागी?"

"ते मी काढले!" बंड्या छाती फुगवून म्हणाला. "मध्ये मध्ये येत होते. कडेला मस्त रांग लावलीय!"

आजोबा ताडकन उठून बसायला गेले आणि पाय धरून कळवळले. "अरे लेकरा! त्या दगडांखालून पाण्याचा पाइप जातो. कुणाची कुदळ त्याच्यावर पडू नये म्हणून दर पाच पावलांवर मी एक दगड ठेवला होता. नऊ दगड, प्रत्येकाला नंबर."

"नंबर नव्हते त्यांच्यावर," बंड्या पुटपुटला.

"खालच्या बाजूला आहेत. वर लिहिले की रंग उडतो."

"आणि दगड आठच होते."

"नऊ!"

"आठ, आजोबा. शपथ!"

"छत्तीस वर्षं टपाल वाटलंय मी. माझी मोजणी चुकत नाही!"

बाहेर येताच बंड्याचा चेहरा रडवेला झाला. "मी सगळा घोळ केला ना गं ताई?"

चष्मिसने चष्मा वर सरकवला. "इतकी वर्षं दगड होते तिथे गवत उगवलं नसणार. माती फिकट दिसेल. चला!"

आणि खरंच! साफ केलेल्या जमिनीवर ताटाएवढे फिकट गोल ठिपके दिसत होते, एका सरळ रेषेत. बंड्याने दगड धुतले. खालून नंबर निघाले: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा... आठ, नऊ.

"सात नाही!"

सहाव्या ठिपक्यापासून ताईने पाच पावलं मोजली आणि ती थांबली. तिच्या नाकासमोर एक लोखंडी खांब होता, त्यावर सेक्रेटरीकाकांचा चकचकीत बोर्ड: 'पाणी जपून वापरा'. खांबाच्या बुडाशी घोटाभर चिखल होता!

"हा बोर्ड आजोबा पडल्यावर लागला," चष्मिस हळूच म्हणाली. "म्हणजे खांब थेट पाइपमध्ये! म्हणून तर इथे एवढं जंगल माजलं!"

"पण काका कबूल करतील?" ताईने विचारलं. "म्हणतील, आम्ही खांब रोवला तेव्हा तिथे काहीच खूण नव्हती."

घमेलं परत करायला वसाहतीच्या ऑफिसात गेलेला बंड्या धापा टाकत परत आला. "ऑफिसचं दार उघडं राहावं म्हणून काय लावलंय माहितीय? दगड! अगदी आपल्यासारखा! आणू?"

"आत्ता अजिबात हात लावू नकोस! तो कुठून आला, ते आधी काकांनाच सांगू दे," ताई म्हणाली. तिच्या यादीत एक नवी ओळ वाढली होती.

शनिवारी सेक्रेटरीकाका वही घेऊन आले. स्वच्छ प्लॉट पाहून क्षणभर गोंधळले. "बरं, गवत गेलं. पण पाण्याचं काय?"

"काका," बंड्याने अगदी भोळेपणाने विचारलं, "ऑफिसच्या दाराला तो छान दगड लावलाय, तो कुठे मिळाला?"

"तो होय?" काका खूश झाले. "हा बोर्ड लावायला खड्डा घेत होतो ना, इथेच पडला होता. चांगला वजनदार आहे. म्हटलं, कशाला वाया घालवा!"

"आणि त्याच्या खाली काय लिहिलंय?" म्हणत ताईने काका निघाल्यावर ऑफिसातून उचलून आणलेला तोच दगड पाठीमागून पुढे केला आणि उलटा केला. पांढऱ्या रंगात ठसठशीत आकडा होता: सात! "पाइपवरची खूण होती ही, काका!"

काकांचं तोंड उघडं ते उघडंच. चष्मिसची आई प्लंबर होती. ती आधीच कुदळ घेऊन तयार उभी होती. दहा मिनिटांत खांब निघाला आणि त्याच्या जागी पाण्याची पिचकारी उडाली, ती थेट काकांच्या वहीवर!

"चुकलो बुवा," काका रुमालाने चेहरा पुसत म्हणाले. "तुमची मोजणी बरोबर, माझी घाई नडली." सातवा दगड त्यांनी स्वतः उचलला आणि पाइप दुरुस्त झाल्यावर जागेवर ठेवला. नोटीसही त्यांनीच फाडली. "या पोरांसारखी पोरं असतील तर मला पाहणीला यायची गरजच नाही!"

पाहणीसाठी तिघांनी आजोबांनाही चाकाच्या खुर्चीत बसवून आणलं होतं. बंड्या त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "आजोबा, दगड हलवले त्याबद्दल सॉरी. आणि... सायकलबद्दल थँक यू. शेंगांबद्दल पण."

"तू हलवलेस म्हणून तर सातवा हरवल्याचं कळलं रे!" आजोबा हसले. मग साफ झालेल्या प्लॉटकडे पाहत म्हणाले, "आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या नावाचं टपाल पोचवलं. माझ्या नावानं इतकं मोठं काही कधीच आलं नव्हतं."

त्यांनी खिशातून मटारच्या बियांची पुडी काढून बंड्याच्या हातात ठेवली. बंड्याने खुर्चीच्या दांड्या मागून धरल्या, अगदी सायकलची सीट धरावी तशा.

"आजोबा, घट्ट बसा. मी सोडणार नाही!"

आणि मोकळ्या झालेल्या मातीतून, सातव्या दगडाला वळसा घालून, खुर्ची पहिल्या वाफ्यापर्यंत पोचली.