डाव्या चाकाची तक्रार

"आला! परत आला! मामा, आवाज परत आला!"

मागच्या सीटवरून समर्थ जवळजवळ किंचाळलाच.

"कळलं रे! मी काय बहिरा आहे?" सत्यममामाने कपाळाला आठ्या घातल्या आणि गाण्याचा आवाज आणखी वाढवला.

"मामा, गाणी बंद कर ना! नीट ऐकू दे!" म्हणत कोमलने पुढे वाकून बटण दाबलंच.

तेरा वर्षांची कोमल आणि तिचा धाकटा भाऊ समर्थ दिवाळीच्या सुट्टीसाठी परंदवडीहून मामाच्या गावाला, कुरवंड्याला निघाले होते. एरवी लोणावळ्यापर्यंत लोकलने यायचं आणि पुढे रिक्षा धरायची, हे ठरलेलं. पण यंदा मामा स्वतः न्यायला आला होता, आणि तोही आपल्या नव्या गाडीतून! नवी म्हणजे मामाला नवी. तशी ती कुणाची तरी वापरलेलीच होती. पण काय तिची ऐट! हळदीसारखा पिवळाधमक रंग, जमिनीलगत बसलेलं अंग, रुंद टायर, पाठीवर पंखासारखी पट्टी आणि चाकांच्या जाळीतून डोकावणारे लालभडक ब्रेक!

फक्त ती सारखी कुरकुरत होती.

कामशेतपासून पोरांनी एकेक आवाज पकडायला घेतला होता. खडखड करत होती ती डिकीतली स्टीलची बाटली निघाली. टुकटुक करणारी होती समर्थची टिकल्यांची डबी. मागे काहीतरी थरथरत होतं, ती सैल नंबरप्लेट. मामाने उतरून तिचे स्क्रू आवळले. तिन्ही आवाज गेले, आणि त्यांच्याखाली इतका वेळ लपलेला चौथा उघडा पडला.

कीं... कीं... कीं...

बारीक, धारदार, चाकाच्या फेऱ्याबरोबर येणारा. समोर एक म्हैस आडवी आली. मामाने ब्रेकवर हलकेच पाय ठेवला. आवाज बंद! पाय उचलला. कीं... कीं...

"ब्रेक दाबला की थांबतोय!" कोमल म्हणाली.

"मग काय, दाबूनच चालवू?" मामा हसला.

पण त्याचं हसू फार टिकलं नाही. चढ लागला आणि गाडी जडावली. मामाने ॲक्सिलरेटर तळाला टेकवला. इंजिन नुसतं डरकाळ्या फोडत होतं, गाडी मात्र पुढे सरायला तयार नव्हती. तेवढ्यात भाताच्या पेंढ्यांनी लादलेला एक टेम्पो शेजारून आरामात पुढे निघून गेला! वर पेंढ्यांवर बसलेल्या बाईने वळून हात हलवला.

मामाचे कान लाल झाले.

लोणावळ्यात अंबाजीशेठचं गाड्या सजवायचं दुकान होतं. टायर, मागची पट्टी, ब्रेकचा लाल रंग, ही सगळी त्याचीच करामत. अंबाजी गिऱ्हाइकांत अडकला होता, म्हणून मामाने आधी पोरांना वडापाव खाऊ घातला आणि स्वतः निवांत दोन चहा घेतले. मग अंबाजी किल्ली फिरवत आला आणि गल्लीतून एक फेरी मारून परतला.

"कुठाय आवाज?"

खरंच की! गाडी अगदी गुपचूप आली होती.

"अहो, चढाला ओढत पण नाहीये," मामा म्हणाला.

"पेट्रोल बदलून बघ. आणि सत्यम, ही स्पोर्टी गाडी आहे. ती बोलणारच! गप्प राहणारी पाहिजे असेल तर हातगाडी घे!"

"पण काका, ब्रेक दाबला की आवाज..." कोमलने सुरुवात केली.

"बाळा, तू फराळ कर. गाड्यांचं आम्ही बघतो!"

दुकानातली सगळी माणसं हसली. 

मामाला मात्र हायसं वाटलेलं दिसलं. "झालं समाधान? परवा भाऊबीज आहे. आजीला घाट उतरून खोपोलीला तिच्या भावाकडे, दत्तोबामामांकडे न्यायचंय. आता आवाजाचं नाव काढायचं नाही!"

घाट! एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि नुसता उतार! 

दुसऱ्या दिवशी कोमलची मैत्रीण रुमाईसा फराळाला कुरवंड्याला आली. ती कोमलच्याच वयाची. तिचे अब्बू, उमरचाचा, मालगाडीवर गार्ड होते, आणि लोणावळा स्टेशनामागच्या रेल्वे क्वार्टरमध्ये त्यांचं घर. खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. तिघं पेंढ्यांच्या गंजीआड बसली आणि कोमलने सगळी हकिगत सांगितली.

रुमाईसाच्या हातातली करंजी हातातच राहिली.

"गाडी जड होते? आणि ब्रेक दाबला की आवाज थांबतो? अगं, हे तर ब्रेक बाइंडिंग!"

"म्हणजे?"

"म्हणजे ब्रेक सोडला तरी तो चाकाला धरूनच बसतो! इंजिन पुढे ओढतंय आणि ब्रेक मागे. चाक तापून लाल होतं. म्हणून तर मालगाडी स्टेशनातून जाताना माणसं दोन्ही बाजूंना उभी राहून चाकं बघतात. कुठून धूर येतोय का, वास येतोय का."

"मग काल गल्लीत आवाज का नाही आला?" कोमल पुटपुटली.

"मला कळलं!" समर्थ उडालाच. "मामाने दोन चहा घेतले! तोवर चाक गार झालं!"

दोघी त्याच्याकडे बघतच राहिल्या. बरोबर! गाडी खूप चालली की आवाज यायचा, आणि अंबाजीच्या वाट्याला नेमकी गार झालेली गाडी आली होती!

तिघं खळ्यावर धावली. मामाने भाताची पेंढी आपटता आपटता सगळं ऐकलं आणि मान उडवली. "अंबाजीने बघितलंय ना? मग झालं. पोरांनो, माझं डोकं खाऊ नका!"

"ऐकणार नाही तो. त्याला डोळ्यांनी दाखवायला हवं, आणि तेही घाट लागायच्या आत!" कोमल म्हणाली.

गंजीआड परत बराच वेळ खुसुखुसू चाललं. रुमाईसाची नानी खोपोलीलाच राहत होती. मामाने रुमाईसालाही गाडीतून न्यायचं कबूल केलं, आणि बेत पक्का झाला.

भाऊबिजेच्या सकाळी शालूआजी नवी साडी नेसून पुढच्या सीटवर बसली. "किती खाली हाय रं ही! भुईवरच बसल्यासारखं वाटतंय!" लोणावळ्यात रुमाईसा चढली. तिच्या मांडीवर दोन लिटरची पाण्याची बाटली होती.

खंडाळ्याकडे जाताना कोमल कानात प्राण आणून ऐकत होती. आधी काहीच नाही. मग अगदी बारीक... कीं... कीं...

रुमाईसाने तिचा हात घट्ट धरला. पाठोपाठ वास आला. रबर जळल्यासारखा, कडवट.

"काय जळतंय रं?" आजीने नाकाला पदर लावला.

"पुढे ट्रक आहे ना आई, त्याचा वास." पण मामाची नजर उगाचच सगळीकडे फिरत होती.

घाटाची पहिली पाटी झर्रकन मागे गेली. आता नाही तर कधीच नाही! कोमलने समर्थला चिमटा काढला.

"मामा! उलटी!" समर्थने गाल फुगवले, डोळे फिरवले. "ऊऽऽब..."

"ए, सीटवर नको! नवी कव्हरं आहेत! थांब, थांब!"

मामाने करकचून ब्रेक दाबला. गाडी डावीकडे ओढली गेली आणि रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत थांबली. तिन्ही पोरं टुणकन बाहेर! समर्थची उलटी कुठल्या कुठे पळाली होती.

"मामा, इकडे ये! हे बघ!" रुमाईसाकडून बाटली घेऊन कोमलने उजव्या पुढच्या चाकाच्या जाळीतून पाणी ओतलं. ते साधं ओघळून खाली गेलं. मागच्या दोन्ही चाकांवरही तसंच. मग ती पुढच्या डाव्या चाकाजवळ गेली. चाकाची धग दोन हातांवरूनच लागत होती. तिने लांबूनच पाणी उडवलं.

चुर्रर्र! तापलेल्या तव्यावर पडावं तशी वाफ उसळली!

मामाचं तोंड उघडंच राहिलं. चाकाच्या जाळीतून ब्रेकचा लाल रंग दिसत होता; त्याला फोड आले होते, काही ठिकाणी तो काळा पडला होता.

त्याने अंबाजीला फोन लावला. पलीकडचा बेफिकीर आवाज सगळ्यांना ऐकू आला. "ब्रेक तापणारच की! दहा मिनिटं थांब आणि नीघ!"

मामाने फोन ठेवला. एकदा गाडीकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे. "चला, बसा. अगदी हळू नेतो."

"मी न्हाई बसायची!" आजीने कडेच्या दगडावर फतकल मारली. "आदी पोरीचं ऐक!"

"आई, दत्तोबामामा वाट बघत असतील! बरं, असं करतो. त्या वळणापर्यंत एकटा जाऊन येतो. ब्रेक लागले तर निघायचं, नाहीतर नाही. मग तर झालं?"

तो दार लावणार, इतक्यात कोमल शेजारच्या सीटवर येऊन बसली. "आवाज ऐकायला मी पाहिजे!" मामाने वाद घातला नाही. दोघांनी पट्टे लावले.

गाडी उताराला लागली. पहिले काही क्षण सगळं ठीक होतं. मग मामाने ब्रेकवर पाय ठेवला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"कोमल, पायाखाली काहीच नाहीये!"

पेडल थेट तळाला टेकलं होतं! तो पुन्हा पुन्हा दाबत होता, आणि वेग वाढतच होता. वळण समोरून धावत येत होतं. वळणाच्या कठड्यापलीकडे नुसतं आभाळ दिसत होतं!  तेवढ्यात कडेचा पिवळा फलक तिच्या डोळ्यांपुढे आला. 'उतार तीव्र. खालच्या गिअरमध्ये चला.'

"मामा, गिअर! गिअर खाली टाक!"

मामा जणू झोपेतून जागा झाला. तिसऱ्यातून दुसरा! इंजिन किंचाळलं, गाडीला हिसका बसला, वेग थोडा उतरला.

"हँडब्रेक ओढ! एकदम नको, हळूहळू!" मामा ओरडला.

मामाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. कोमलने हँडब्रेकचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि हळूहळू वर ओढत नेला. तो घामाने निसटत होता. आणखी थोडा. आणखी थोडा. मामाने पहिला गिअर टाकला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. डावी चाकं मातीच्या चरात उतरली, दगड खडाखड आपटले, काहीतरी फाटल्याचा आवाज झाला आणि...

गाडी थांबली. वळण अजून चारेक गाड्यांच्या अंतरावर होतं.

कितीतरी वेळ दोघांनीही हात सोडले नाहीत. मागून समर्थ आणि रुमाईसा धापा टाकत आली. त्यांच्यामागून साडी वर खोचून आजी! तिने दार उघडलं आणि आधी कोमलला, मग मामाला चाचपून बघितलं.

"लागलं न्हाई ना गं? तुला रं?"

मामाने मानेनेच नाही म्हटलं. 

खंडाळ्याहून बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारे निवृत्तीभाऊ क्रेन घेऊन आले. अंबाजीही मोटरसायकलवरून पोचला. निवृत्तीभाऊंनी चाक उतरवलं आणि हातमोजा घालून ब्रेकचा लाल जबडा हलवून पाहिला. तो ढिम्म हलेना.

"हे बघा. हा जबडा ह्या पिनेवर मागेपुढे सरकला पाहिजे. पण पिनेवर रंग ओघळून वाळलाय, सगळं चिकटून बसलंय. म्हणजे गाडी चालू असतानाही ब्रेक लागलेलाच! तापून तापून ब्रेकचं तेल उकळलं, मग पेडल काय करणार? ह्या पोरांनी थांबवलं नसतं तर खाली पोचेपर्यंत..."

त्यांनी दरीकडे बोट दाखवलं.

अंबाजी मातीकडे बघत राहिला. "रंग मारताना पिना झाकायच्या राहून गेल्या," तो पुटपुटला. मग हळूच म्हणाला, "पोरी, तू सांगत होतीस तेव्हाच खाली वाकून बघायला हवं होतं."

"शेठ, लाल रंग मीच मागितला होता," मामा म्हणाला. "आणि आवाज आला की गाणीही मीच मोठी करत होतो." त्याने तिघांकडे बघितलं. "चुकलो मी. पुन्हा तुम्ही काही सांगितलंत तर आधी गाडी थांबवीन, मग बोलीन."

पिवळी गाडी निवृत्तीभाऊंच्या क्रेनला लटकून वर गेली, आणि पाचही जणं खाली जाणाऱ्या एसटीत चढली. मामाला उभ्याने जावं लागलं, पण त्याची अजिबात तक्रार नव्हती!

खोपोलीला दत्तोबाआजोबा दारातच येरझाऱ्या घालत होते. आजीने भावाला ओवाळलं, आणि तबक खाली न ठेवता म्हणाली, "आता तुमी तिगं बसा पाटावर!"

"आम्ही? आज तर भावांना ओवाळतात ना आजी?" कोमल गोंधळली.

"माजा ल्योक आज ज्यांनी राखला, त्यास्नी मी ओवाळणार! हितं कोन मला अडीवतंय?"

तिघं ओळीने बसली. आजीने समर्थला टिळा लावला. त्याच्या उलटीच्या सोंगाची हकिगत ऐकून दत्तोबाआजोबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग आजी कोमलसमोर आली, मग रुमाईसासमोर.  तिने दोघींच्या गालांवरून बोटं फिरवून कानशिलांवर कडाकडा मोडली.

"लय गुनाच्या गं माज्या पोरी," ती म्हणाली. मग मागे वळून न बघताच तिने हाक मारली, "सत्यम, हितं ये आन ह्यांच्या पाया पड!"

आणि सत्यममामा खरोखरच वाकला!