चौदा नंबरची वायर

यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही.

अर्धी हकीकत फिटरच्या तोंडची आहे, उरलेली खुद्द मास्तरांच्या. दोघांनीही ती एकेकदाच सांगितली. पुन्हा विचारलं की फिटर विषय बदलतो आणि मास्तर उठून जातात. तुम्हाला खोटी वाटली तर सोडून द्या. त्या दोघांनाही ती खोटी निघालेलीच हवी आहे.

फेब्रुवारीतला रविवार. दुपारचे दोन.

गॅरेजांची सगळी रांग बंद होती. शेवटून तिसरं शटर तेवढं अर्धं वर. आत पत्रा तापलेला, पंखा गरम हवाच ढवळत होता. माणसं दोनच. एक फिटर, ज्याच्या तोंडाला कधी कुलूप नसायचं. आणि दुसरे मास्तर, म्हणजे गाड्यांचे वायरमन. तीस वर्षं वायरी जोडत आलेला माणूस. हात सोन्याचा, जीभ मात्र जहरी.

समोर लोखंडी स्टँडवर एक जुनं टर्बो इंजिन होतं. एका गिऱ्हाइकाला ते आपल्या साध्या गाडीत बसवून हवं होतं. भंगारवाल्याने इंजिन दिलं तेव्हा त्याचा नंबर घासून सपाट केलेला होता आणि वायरी कटरने कचाकच कापलेल्या. इंजिन कुठून आलं, कुणाच्या गाडीचं होतं, हे या धंद्यात कुणी विचारत नाही.

पण नेमकं कुठलं इंजिन आहे हे कळल्याशिवाय वायरिंग करता येत नाही.

मास्तरांनी दुसऱ्या खुणा शोधल्या. ब्लॉकच्या ओतकामात उमटलेले आकडे. टर्बोवरची छोटीशी पत्र्याची पट्टी. आणि इंजिनाचा मेंदू, म्हणजे ईसीयूची डबी, तिच्यावरचं अर्धं फाटलेलं स्टिकर. तिन्ही आकडे जुळले.

"दोन लिटर, टर्बो," मास्तर म्हणाले.

"म्हणजे तुझ्या पोराच्या गाडीत..." फिटर बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"अशी हजारो इंजिनं असतात. तू तुझे बोल्ट बघ."

मास्तरांचा मुलगा जाऊन दोन वर्षं झाली होती. एकुलता एक.

त्या दिवशी मुलाने आपल्या गाडीत टर्बोचा दाब दाखवणारं मीटर स्वतःच्या हाताने जोडलं होतं. मोठ्या हौसेने बापाला दाखवायला गॅरेजवर आला. मास्तरांनी बॉनेट उघडलं, नुसती वरवर नजर टाकली आणि चार गिऱ्हाइकांदेखत त्याची लाज काढली. "तुझ्याच्याने एक जोड धड होत नाही. तोंड घेऊन आलास तसा चालता हो."

मुलाने बॉनेट लावलं आणि गाडी काढली.

चाळीस मिनिटांनी गाडी सरळ रस्त्यावर एका भिंतीला जाऊन धडकली. समोर वळण नव्हतं, दुसरी गाडी नव्हती. रस्त्यावर ब्रेकचा ओरखडासुद्धा नव्हता.

मास्तर गाडी बघायलाही गेले नाहीत. विम्याच्या कागदांवर डोळे मिटून सह्या केल्या आणि ते डबडं कुणीतरी उचलून नेलं.

तेव्हापासून त्यांच्या बायकोने त्यांच्याशी बोलणंच टाकलं होतं. घरात स्वयंपाक व्हायचा, कपडे धुतले जायचे. ताट वाढून ती आतल्या खोलीत निघून जायची. दोन वर्षांत तिने नवऱ्याला एकच प्रश्न विचारला होता.

"त्याने ब्रेक दाबला होता का हो?"

त्या एका उत्तरावर तिचं उरलेलं आयुष्य अडून बसलं होतं. त्यांचंही.

तर त्या दुपारी मास्तरांनी ईसीयूला बॅटरीचा करंट दिला आणि स्कॅनर लावला. पडद्यावर जुन्या दोषांची यादी आली. एकोणीस.

फिटर खांद्यावरून डोकावला. "एकोणीस? माझ्या सासूच्यात पण एवढे नाहीत."

मास्तरांनी यादी उघडलीच नाही. वायरी कापलेल्या इंजिनात स्कॅनर दोष दाखवणारच. सगळे वायरमन काम सुरू करण्याआधी पाटी कोरी करतात. हात सवयीने चालतो.

स्कॅनरने विचारलं, पुसायचे का?

मास्तरांनी 'हो' दाबलं.

मग ते वायरी मोजायला बसले. नकाशाशी एकेक वायर पडताळायची आणि तिच्यावर नंबराची चिठ्ठी चिकटवायची. ब्रेकच्या पेडलकडून येणाऱ्या वायरला चौदा नंबर मिळाला. तिचं दुसरं टोक कापलेलं होतं. ती हवेत लोंबत होती.

हिशेब मात्र जुळेना.

एक वायर जास्त होती...

नकाशात नसलेली वायर. कुणीतरी मागाहून जोडलेली. मास्तरांनी चिमट्याने तिच्यावरची टेप सोडवायला घेतली, आणि त्यांचा हात थांबला.

टेप उलटी गुंडाळलेली होती. डावखुरा माणूस गुंडाळतो तशी.

टेपेखाली कथलाने झाळलेला जोड होता. आणि त्याला गंज चढू नये म्हणून वरून...

नेलपॉलिश लावलेलं होतं. गडद लाल.

जोडावर नेलपॉलिशचा थेंब द्यायची युक्ती मास्तरांनी एकालाच शिकवली होती. तो कार्टा आईच्या कपाटातली बाटली पळवायचा आणि आईची बोलणी खायचा. तो डावखुरा होता.

"मास्तर?" फिटरने विचारलं. "रंग का उडाला तुझा?"

मास्तरांनी करंट तपासायचं मीटर लावून तो जोड तपासला. पुन्हा तपासला. मग ओढून पाहिला.

जोड उत्तम होता. त्यांनी स्वतः केला असता, तर याहून चांगला झाला नसता.

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

फिटरला सगळं कळायला वेळ लागला नाही. आणि मग त्याला आणखी एक गोष्ट कळली. तो हळूच म्हणाला, "मास्तर... अपघात होतो त्या क्षणी या डबीत नोंद होते ना? वेग किती, पाय कुठल्या पेडलवर, सगळी?"

"होते. त्या दोषांच्या यादीतच."

"मग बघ की. दोन वर्षं तुम्ही नवरा-बायको जे..."

"मी पुसली."

फिटरने स्कॅनर आपल्याकडे ओढला.

"पुसलीस म्हणजे? वाचलीस ना आधी?"

"नाही."

"अरे, पण का?"

"सवय," मास्तर म्हणाले.

फिटर शिवी द्यायला गेला होता. त्यांचा चेहरा बघून त्याने ती गिळली.

मास्तरांनी स्कॅनर पुन्हा लावला. यादी रिकामी. डबीचा करंट काढून पुन्हा दिला. रिकामी. दुसरा स्कॅनर आणला. तोही तेच सांगत होता. शेवटी निव्वळ वेड्या आशेने त्यांनी चालू आकड्यांचा पडदा उघडला. गाडी चालू असताना काय काय घडतंय, ते त्यावर दिसतं.

वेग शून्य. ॲक्सिलरेटर शून्य. ब्रेक सोडलेला.

दिसणार तरी काय? इंजिन स्टँडवर होतं. त्यात तेल नव्हतं, पेट्रोल नव्हतं. पेडलं गिऱ्हाइकाच्या गाडीत होती, आणि ती गाडी बाहेर उन्हात उभी.

तेवढ्यात पंखा थांबला.

वीज गेली असेल म्हणून फिटरने वर पाहिलं. ट्यूबलाइट चालू होती...

शेजारच्या शेडच्या पत्र्यावर मघापासून कावळे नाचत होते. तेही गप्प झाले.

चर्रर्र...

इंजिनावरची हवेची झडप आपोआप उघडत होती.

"मास्तर, तू काही दाबलंस?"

मास्तरांनी हात वर करून दाखवले. दोन्ही रिकामे होते.

पडद्यावर वेगाचा आकडा हलला. चोवीस... एकेचाळीस... त्रेपन्न.

चाकं नव्हती. गाडीच नव्हती.

मग सुंईं असा बारीक आवाज यायला लागला. टर्बोचं तोंड उघडंच होतं. आतलं पातं फिरत होतं. आधी सावकाश, मग दिसेनासं होईल इतक्या वेगाने. फिटर सांगतो, त्याने तोंडासमोर हात धरला तेव्हा हवा त्याच्या बोटांमधून आत ओढली जात होती. थंडगार हवा. त्या तापलेल्या शेडमध्ये.

अठ्ठ्याहत्तर... नव्वद...

ॲक्सिलरेटर शंभर टक्के.

ब्रेक सोडलेला.

मास्तर पडद्यापुढे गुडघ्यांवर बसले. "दाब," ते पुटपुटले. "बाळा, पाय काढ. ब्रेक दाब."

एकशे चार.

चौदा नंबरची वायर हलायला लागली. वारा नव्हता. तिचं कापलेलं टोक हळूहळू वर उचललं जात होतं...

एकशे बारा.

ब्रेक सोडलेला.

"बघत राहा," फिटर ओरडला. "मास्तर, आता नजर हलवू नकोस. कळेल, आता कळेल..."

मास्तरांनी बॅटरीची पट्टी उपटून काढली.

पडदा काळा झाला. झडप खट्कन मिटली. पातं मात्र पुढे कितीतरी वेळ फिरत राहिलं, आणि मग थांबलं.

पंखा सुरू झाला.

फिटरने मास्तरांची कॉलर धरली. "काय केलंस हे? एक क्षण राहिला होता. एकच क्षण."

"मला बघवेना."

"तुला कुणी विचारलं होतं? तिला कळायला नको होतं?"

मास्तरांनी लगेच पट्टी परत जोडली. ती तीनदा निसटली. वेग शून्य. ॲक्सिलरेटर शून्य. ब्रेक सोडलेला. संध्याकाळपर्यंत ते तिथेच बसून होते. आकडा पुन्हा हलला नाही. त्या दिवशी नाही, आणि त्यानंतर महिनाभर रोज बसले तेव्हाही नाही. इंजिन त्यांनी गिऱ्हाइकाला दिलं नाही. त्याला दुसरं आणून बसवून दिलं. हे अजून स्टँडवरच आहे.

त्या रविवारी मास्तर घरी गेले, तर बायको दारातच उभी होती. दोन वर्षांत ती कधी अशी दारात आली नव्हती.

"आज दुपारी जरा डोळा लागला होता," ती म्हणाली. "तो येऊन उशाशी बसला. म्हणाला, बाबांना दाखवलंय, त्यांना विचार."

मग तिने विचारलं,

"दाबला होता का त्याने?"

"हो," मास्तर म्हणाले. "दाबला होता."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं."

"शेवटपर्यंत?"

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली.

ती आत गेली आणि दोन ताटं घेतली. त्यांच्यासमोर बसून जेवली. त्यांना आग्रह करून वाढलं, मुलाच्या लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या, एकदा तर हसलीसुद्धा.

आता ती रोज त्यांच्यासमोर बसून जेवते. आणि तो पुन्हा स्वप्नात येईल म्हणून रोज दुपारी अंथरूण घालते.

ती आडवी झाली की मास्तर तिच्या उशाशी जाऊन बसतात आणि डोळा लागायच्या आत तिला उठवतात.