उजवं दार

विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका. पण हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय, आणि मामा थापा मारणारे नाहीत. वेळ रविवारची भर दुपार, तीन वाजलेले. जागा त्यांच्या घरामागची पत्र्याची शेड.

मामा तीस वर्षं गाड्यांचं डेंटिंग करतात. चेपलेला पत्रा असा सरळ करतात, की गाडी कुठे ठोकली होती ते मालकही विसरतो. मामींना फिरायची भारी हौस, पण पाठीच्या दुखण्याने तासभर बसवत नाही. मूलबाळ नाही, घरात दोघंच. म्हणून मामांनी ठरवलं, जुन्या गाडीच्या सांगाड्यातून चाकांवरची झोपायची खोली बनवायची. थेंबाच्या आकाराची, दोघांपुरती. आपल्या गाडीला मागे जोडली की निघाले.

"आधी स्वयंपाकघराचा नळ दुरुस्त करा, मग चाकांवरचं घर," मामी म्हणाल्या. पण गादीचं माप त्यांनी स्वतःच घेतलं.

भंगारात मनासारखी गाडी मिळाली. पुढचा भाग चेंदामेंदा, मागचा ठणठणीत. फक्त मागचं उजवं दार कुलपापाशी वेडंवाकडं कापलेलं.

या धंद्यात सांगाडा घेताना एक प्रश्न विचारतातच. गाडी इथे आली कशी? त्या दिवशी छपराचा बाक बघून मामा इतके हरखले, की विचारायचंच राहिलं.

पुढचा भाग त्यांनी कापून टाकला. डावं दार ये-जा करायला ठेवलं. उजवं वेल्ड करून कायमचं बंद केलं. वर पुट्टी, घासकाम, रंग. कापल्याची खूण बोटालाही लागेना.

मग सवयीने त्यांनी वाकवलेल्या बोटाने पत्रा ठोकला. पुट्टी कुठे पोकळ राहिली असेल तर आवाजावरून कळतं.

ठक ठक.

आणि आतून...

ठक ठक.

घुमला असेल आवाज. मामांनी तीनदा ठोकलं.

आतून दोनदाच आलं.

त्यांनी डावं दार उघडून पाहिलं. गादी, दोन उशा. बस्स. मामींना ते काही बोलले नाहीत. त्याबद्दल मामा आजही स्वतःला माफ करत नाहीत.

कारण थोड्याच वेळात मामी शेडमध्ये आल्या. "दहा मिनिटं पडून बघते," म्हणाल्या आणि आत शिरून दार ओढून घेतलं.

मामा हत्यारं आवरत होते. अचानक त्यांच्या लक्षात आलं... पंखा फिरतोय, पण त्याची घरघर ऐकू येत नाही. रस्त्याचा आवाज नाही. काहीच नाही.

मग उजवीकडून... ठक ठक.

"अगं, काय झालं?"

मामांनी डाव्या दाराची मूठ ओढली. स्वतः बसवलेली, आतून-बाहेरून उघडणारी मूठ. हलेना.

"दार उघड!"

आतून मामींचा आवाज आला. अगदी हलका.

"हळू बोला हो... आत्ताच डोळा लागलाय."

"कुणाचा?"

आत कुणीतरी कुणाला तरी थोपटत होतं.

मामांनी ग्राइंडर उचलला. पण कापणार कुठे? पातळ पत्र्यापलीकडे मामींचं डोकं होतं. तीस वर्षं पत्रा कापलेला माणूस त्या पत्र्याला कपाळ टेकून रडला.

दार आपोआप उघडलं. मामी बाहेर आल्या, चेहरा ताजातवाना.

"छान झोप लागली. तुम्हाला काय झालं?"

सोमवारी सकाळी मामांनी भंगारवाल्याला गाठलं आणि तो राहिलेला प्रश्न विचारला.

"अपघात, मिस्त्री. पुढचे दोघं जागीच गेले. मागे एक पोर होतं. दार अडकलेलं, आतून ठोकत होतं म्हणे. दार कापलं तोवर उशीर झाला." त्याने मामांकडे पाहिलं. "ते कापलेलं दार तसंच ठेवलंत ना?"

मामा तसेच उठून आले. उजवं दार कापून उघडलं. आत कुणी नव्हतं. मग अख्खा सांगाडा तुकडे करून विकला. मामींनी अडवलं नाही. मामांना तेच खटकलं.

आता मामी रोज दुपारी पलंगाच्या कडेला झोपतात. भिंतीकडची जागा मोकळी सोडून. थोड्या वेळाने भिंतीतून आवाज येतो... ठक ठक. मामी डोळे न उघडता वाकवलेल्या बोटाने उत्तर देतात. मामा शेजारी खुर्चीवर बसून असतात.

"आपण मामींना कुठेतरी दाखवू या," मी म्हटलं.

"काय सांगायचं तिथे? पाठ दुखत नाही म्हणते. इतकं सुखी मी तिला कधी पाहिलं नव्हतं रे." मामांनी डोळे पुसले. "पण आधी अर्ध्या तासात उठायची. आता दिवेलागण झाली तरी उठत नाही. रोज थोडी जास्तच झोपते."

मी हल्ली मामांकडे सकाळीच जातो. जेवण झालं की निघतो.