चंद्रावर पोचलेली निब

एकाच फोटोत निबेचं टोक लख्ख आणि मागचं सगळं पेन धुकट, असं का? मैथिली रडकुंडीला आली होती. सकाळपासून तिनं फोटोंचा नुसता ढीग पाडला होता.

तिची आई खडकांचा अभ्यास करायला चांद्रतळावर गेली होती. यानात वजनाची इतकी काटछाट, की तिचं लाडकं शाईचं पेन घरीच राहिलं. आता एकच उपाय होता: जवळून काढलेले फोटो पाठवायचे आणि त्यावरून तळावरच्या यंत्रानं हुबेहूब पेन घडवायचं. पण यंत्राला धुकट फोटो चालत नव्हता आणि उद्यापासून ते दुसऱ्या कामाला जुंपलं जाणार होतं.

“कॅमेरा अगदी जवळ नेलास की स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो,” घरातला यंत्रमानव ढब्बू म्हणाला. “अ‍ॅपर्चर (भिंगातलं उजेड आत घेणारं छिद्र) लहान कर. पट्टा रुंदावेल.”

तिनं केलं. फोटो काळाकुट्ट!

“छिद्र लहान, म्हणून उजेड कमी. आता शटर (उजेडाची वाट उघडणारा पडदा) जास्त वेळ उघडं ठेव. पण कॅमेरा स्टँडवर लाव बाई, तुझा हात कुठे स्थिर राहतो!”

आता पेन या टोकापासून त्या टोकापर्यंत स्पष्ट आलं, पण सोनेरी निबेवर दिव्याचा पांढरा डाग पडला. ढब्बूनं दिव्यापुढे बटर पेपर धरला. त्यातून येणारा उजेड पसरला, डाग विरला आणि निबेची बारीकशी झीजसुद्धा दिसू लागली. मग सगळ्या बाजूंनी फोटो काढून त्यांनी ते पाठवून दिले.

काही दिवसांनी आई पडद्यावर आली. तिच्या हातात नवं पेन होतं. मैथिली प्राण डोळ्यांत आणून बघत होती. आईनं कागदावर निब टेकवली, तर ती खरखरली.

“आई, फोटो चुकले का गं?”

चंद्रावरून उत्तर यायला दोन-तीन सेकंद लागतात. ते सरता सरेनात.

“फोटो अगदी अचूक आहेत. पण निब लिहिणाऱ्याच्या हाताप्रमाणे झिजते. ही आता माझ्या हाताची राहिली नाही. तू लिहितेस ना या पेनानं?”

“तुझी फार आठवण आली की लिहिते,” मैथिली म्हणाली.

पेन बोटांत थोडं फिरवून, थोडं कलतं करून आई लिहून पाहत राहिली. अचानक खरखर थांबली आणि निब झरझर चालू लागली.

“असं धरतेस होय तू!” आई म्हणाली. “आता घरी येईपर्यंत मीही असंच धरीन.”