नाचणारीच्या मागे

घुंगरांची पिशवी सांभाळत रोनिता सभागृहात धावत शिरली आणि थेट लाकडी ढोलावर धडकली.

"मिस, तो काठीनं वाजवतात... कपाळानं नाही!"

ढोलामागून हसत उठला तो सेफो. विद्यार्थिनी मालियाचा मामा, सामोआचा. ऑकलंडच्या या शाळेत पोरांच्या नाचाला ढोल वाजवायला आलेला. रोनिता तिथली शिक्षिका, फिजीतल्या भारतीय घरातली, भजनं आणि कथकवर वाढलेली. तिच्या कार्यक्रमाचा नियम एकच – प्रत्येकानं दुसऱ्याच्या घरचा नाच करायचा. "वेगळं काही दिसलं की रागवायचं नाही, हसायचं नाही. आधी विचारायचं," हे ती पोरांकडून रोज घोकून घ्यायची.

"मग मिसनं आमचा नाच करायचा!" मालिया ओरडली. पोरांनी कल्ला केला आणि मिस आपल्याच नियमात अडकल्या.

शिकवायला अर्थात सेफो.

"गुडघे वाकवा. हात सावकाश... आणि माझ्याकडे बघू नका."

"मी कुठे बघतेय?"

"तेच तर दुःख आहे!"

पत्र्यावर पाऊस वाजत राहायचा. सराव संपला तरी दोघांचा पाय निघत नसे. नाच झाला की त्याला सांगून टाकायचं, असं रोनितानं मनाशी ठरवलं होतं.

कार्यक्रमात शेवटचा नाच तिचा होता. ती छान नाचत होती – आणि एकाएकी सेफो ढोल टाकून तिच्यामागे आला. माकडउड्या मारल्या, तोंड वेंगाडलं, आरोळ्या ठोकत तिच्या पायाशी गडाबडा लोळला. लोक हसून हसून बेजार. तिच्या घरी नाचणाऱ्या बाईमागे कुणी असं केलं असतं, तर त्याला धरून बाहेर काढलं असतं. रोनिता मध्येच थांबली आणि पडद्याआड निघून गेली.

"माझं हसं केलंत!"

"तुमचं नाही, मिस... मी तर—"

"एक शब्द बोलू नका."

तो पुढच्याच आठवड्यात कामासाठी ब्रिस्बेनला गेला.

वर्षभरानं पुन्हा सराव सुरू झाला, तेव्हा मालियानं विचारलं, "मिस, मागच्या वेळी नाच अर्धा का सोडलात? मामा तुमच्यासाठी लोळत होता ना!"

"माझ्यासाठी?"

"नाचणारी सगळ्यात सुंदर दिसावी म्हणून आपण मागे वेडंवाकडं व्हायचं असतं. मामा त्याआधी कुणासाठीच लोळला नव्हता."

"मग... मला सांगितलं का नाहीस गं?"

"तुम्ही विचारलंच नाहीत." मालियानं पायात घुंगरू बांधायला घेतले. "शनिवारी मामाचं इथेच लग्न आहे. याल?"

रोनिता गेली. जाऊ नये असं वाटत असूनही गेली. शेवटचा नाच नवरीचा होता. ती उठली, हात पसरले, आणि रोनिताला बसवेना. तिनं साडीचा पदर खोचला, नवरीच्या मागे जाऊन तोंडं वाकडी केली, उड्या मारल्या आणि चांगल्या साडीसकट जमिनीवर लोळली. त्याच्यासाठी करण्यासारखं आता एवढंच उरलं होतं.

सगळा मांडव हसत होता. नवरी फार सुंदर दिसत होती.

नाच संपल्यावर सेफोनं हात देऊन तिला उठवलं. त्याला हसता आलं नाही.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"विचारलं मी," पदर सोडत ती म्हणाली. "... उशिरा."