मागच्या बाकापर्यंत

ओटावाच्या कनाटा उपनगरातल्या आमच्या घरात रेकॉर्डिंग करायचं तर आधी घर गरम ठेवणारी फर्नेस बंद करावी लागते. नाहीतर तिची घरघर प्रत्येक वाक्याखाली ऐकू येते. ओटावाच्या फेब्रुवारीत फर्नेस बंद झाली की घर भराभर गार पडतं, म्हणून कृतिका जॅकेट घालूनच बेसमेंटमध्ये माइकसमोर बसायची. भिंतींवर मी जुनी ब्लँकेट्स टांगली होती. खाली जाड कार्पेट. त्या खोलीत टाळी वाजवली तर ती हातातच विरायची.

लग्नाआधी कृतिका नागपूरला रेडिओवर निवेदिका होती. इथे ती एका ग्रोसरी स्टोअरच्या ऑफिसात लोकांच्या शिफ्ट्स लावते. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. आवाज साफ करणं हा माझा छंद. गेल्या वर्षी तिने पुण्यातल्या एका छोट्या कंपनीसाठी जगातल्या जुन्या विद्यापीठांवरची ऑडिओ मालिका वाचायला घेतली. ती फारसं कोणी ऐकत नव्हतं. कृतिका त्याबद्दल बोलायची नाही, पण नवा एपिसोड आला की तिचा फोन सारखा हातात असायचा.

मग सेंट पीटर्सबर्गचा एपिसोड आला. तीनशे वर्षांपूर्वी रशियाच्या पीटर बादशहाने फर्मान काढलं आणि विद्यापीठ उघडायच्या आतच तो वारला. जर्मन मुलखातून प्राध्यापक आले, पण शिकायला कोणी नव्हतं. मग विद्यार्थीही तिकडूनच आणले. तेही पुरेनात, तेव्हा प्राध्यापकच एकमेकांच्या तासाला जाऊन बसू लागले. कृतिकाने हे सगळं एका शनिवारी दुपारी वाचलं, नेहमीसारखं, न अडखळता.

एडिट करताना मला शब्दांच्या शेवटी घुमारा ऐकू आला. बाथरूममध्ये येतो तसा नव्हे. उंच छत, लाकडी जमीन, उघड्या भिंती असतील तर येतो तसा. मी केबल बदलली, सेटिंग्ज तपासली. त्याच माइकवरचे आधीचे एपिसोड स्वच्छ होते.

"परत वाचावं लागेल," मी तिला म्हणालो. "एको येतोय."

"हो, खोली मोठी आहे ना," ती म्हणाली.

"कुठली खोली?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. "अरे, वाचताना वाटतं तसं."

पुढच्या वेळी मी माइक वर बेडरूमच्या क्लोजेटमध्ये नेला. दोन्ही बाजूंना विंटर जॅकेट्स, मध्ये ती. यापेक्षा मुकी जागा घरात नाही. तरी रेकॉर्डिंगमध्ये घुमारा होता, आणि तिचा आवाज पहिल्यापेक्षा लांबून येत होता. 'व्याख्यानं ऐकायला कोणी नव्हतं' या वाक्यानंतर ती श्वास घ्यायला थांबली होती. तेवढ्यात जमिनीवर एक बाक सरकल्याचा आवाज आला. मग कोणीतरी खोकलं, सर्दीने बेजार माणूस खोकतो तसं, आणि लगेच दाबलं.

मी तिला ते ऐकवलं. ती घाबरेल असं मला वाटलं होतं. तिने हेडफोन कानांवर दोन्ही हातांनी दाबून धरला आणि परत लावायला सांगितलं.

"आपण हा एपिसोड सोडून देऊ," मी म्हणालो. "मी कंपनीला मेल करतो."

"का?"

"का म्हणजे? तुला ऐकू येतंय ना?"

"येतंय. वर्षभर मी भिंतींना वाचून दाखवलं, यशोधन. आता ऐकायला कोणीतरी आलंय, आणि तू म्हणतोस, बंद कर."

मी एवढंच म्हणालो की शेवटचं वाचन होताना मी तिथे असेन.

त्या दुपारी बाहेर बर्फ पडत नव्हता, नुसतं स्वच्छ कोरडं ऊन होतं. कृतिका पुन्हा बेसमेंटमध्ये बसली. मी दाराशी हेडफोन लावून उभा राहिलो. ती वाचू लागली, पण माइकसाठी वाचतात तसं नाही. हनुवटी वर, शब्द सुटे सुटे. मागच्या बाकापर्यंत पोचावं असं.

तिचे ओठ आणि माझ्या कानातला आवाज जुळत नव्हते. आवाज ओठांपेक्षा थोडा उशिरा येत होता.

अर्ध्या पानावर ती थांबली. वर्ग शांत व्हायची वाट पाहावी तशी. माझ्या कानात कागदावर बोरू कुरकुरत होते. एक नव्हे, बरेच.

मग एका पुरुषाने काहीतरी विचारलं. भाषा कळली नाही. प्रश्न होता हे कळलं.

कृतिकाने मान हलवली. स्क्रिप्ट बाजूला ठेवली आणि उत्तर देऊ लागली. त्याच भाषेत.

मी हेडफोन काढला.

समोर तिचे ओठ हलत होते. खोलीत आवाज नव्हता.

मी केबल उपटली. वर धावत जाऊन फर्नेस चालू केली. खाली आलो तेव्हा ती खुर्चीत शांत बसली होती. बोटं बर्फासारखी गार. मी ती हातात धरून चोळत राहिलो. तिने हात सोडवून घेतला नाही. त्या संध्याकाळी मी सगळ्या फाइल्स डिलीट केल्या आणि कंपनीला कळवलं, हा एपिसोड होणार नाही.

रविवारी सकाळी नागपूरहून तिच्या मोठ्या बहिणीचा, लताताईंचा फोन आला. आम्ही किचनच्या टेबलाशी शेजारी बसलो होतो. फोन स्पीकरवर, आमच्या मधोमध. मी तब्येतीची चौकशी केली. मग कृतिका बोलली.

"कुठून बोलून राहिली गं तू?" लताताईंनी विचारलं. "यशोधनराव, तिला जरा फोनजवळ घ्या ना. तुमचा आवाज छान येतोय. ही एवढी लांब का बसलीय?"

"जवळच आहे ताई," मी म्हणालो.

"आणि तिच्याजवळ कोण कोण आहे? पाहुणे आलेत का?"

मी लाइन खराब असल्याचं सांगून फोन ठेवला. कृतिका खिडकीतून बाहेर पाहत होती. चेहऱ्यावर ऊन होतं. बऱ्याच महिन्यांत ती इतकी समाधानी दिसली नव्हती.

"चहा करू का?" मी विचारलं.

ती माझ्याकडे वळली. तिचे ओठ हलले, आणि मिटले.

मग तिचा "हो" आला.